कोर्सच्या आधी पुढची भेट

एका बालरोगतज्ज्ञांचं पत्र आलं आहे. थोडं काटछाट करून देतो.

"ज्या मुलीला मी जन्मापासूनच्या लसी दिल्या, ती आता पंधरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात पोट दुखतं म्हणून आली होती. आई जरा बाहेर गेली तशी म्हणाली, 'डॉक्टर, मी मुलगी नाहीये. पाळी आली की मरावंसं वाटतं.' घरी तिने हे आधीच सांगितलंय. मला काही सुचेना. 'पुढच्या वेळी नीट बोलू' म्हणून मी वेळ मारून नेली. पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे. तेव्हापासून सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचे, कोर्स शोधतोय. एकाचं माहितीपत्रक म्हणतं, मुलाने सांगितलं की मान्य करा आणि पुढे पाठवा, उशीर म्हणजे जिवाशी खेळ. दुसरं म्हणतं, ही साथ आहे, ठाम राहा, उतरेल. क्रेडिट पॉइंट दोन्हींना आहेत. मला कुणाचाच झेंडा खांद्यावर घ्यायचा नाही. कोणता कोर्स करू? की हे माझं क्षेत्रच नाही म्हणून रेफर करून मोकळा होऊ? शिवाय आईचा सारखा फोन येतो, 'हे जाईल ना, डॉक्टर?' तिला काय सांगू?"

प्रिय डॉक्टर,

कोर्सचं नंतर बघू. 'मरावंसं वाटतं' असं मूल म्हणालं आहे आणि पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे. हे चालणार नाही. उद्याच फोन करून याच आठवड्यात बोलवा. मुलाशी एकट्याने बोला आणि सरळ विचारा: मरावंसं वाटतं तेव्हा नेमकं काय मनात येतं? किती वेळा येतं? काही करायचं ठरवलं होतं का? काही जवळ ठेवलं आहे का? याआधी स्वतःला इजा केली आहे का? विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. नैराश्य असलेल्या किशोरवयीन रुग्णाला तुम्ही एरवी हेच विचारता. जेंडरचा, म्हणजे लिंगओळखीचा, विषय निघाला आणि येत असलेलं कामही अवघड वाटायला लागलं, एवढंच झालंय. उत्तरात बेत, साधन किंवा आधीचा प्रयत्न निघाला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, आणि घरातली औषधं कुलपात. अशा वेळी गोपनीयता पाळता येत नाही, ही गोष्ट बोलणं सुरू करण्याआधीच मुलाला सांगून ठेवायची असते.

दुसरं, त्या पोटदुखीचं काय झालं? पत्रात पुढे तिचा उल्लेखच नाही. पाळीच्या दिवसांत दुखतं का, रक्तस्राव किती होतो, शाळा बुडते का, हे विचारलंत का? इंग्लंडमधल्या कॅस अहवालात (मुलांच्या जेंडर सेवांचा स्वतंत्र आढावा) या मुलांबद्दल एक तक्रार आहे: जेंडरचं नाव निघालं की बाकीचं सगळं त्याच्या सावलीत जातं, आणि ज्या गोष्टीसाठी दुसऱ्या कुठल्याही मुलावर उपचार झाले असते ती तशीच राहते. तुमच्या ओपीडीत पाच मिनिटांत तेच घडलं. पाळीच असह्य होत असेल तर प्रोजेस्टोजेन या हॉर्मोनने किंवा खंड न पाडता दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी ती काही काळ थांबवता येते. अतिरक्तस्रावासाठी आणि असह्य वेदनेसाठी ही औषधं वर्षानुवर्षं वापरात आहेत, बंद केली की पाळी परत येते, आणि त्यातून मुलाच्या ओळखीबद्दल काहीच ठरत नाही. नेहमीची तपासणी, रक्तदाब, गुठळ्यांचा कौटुंबिक इतिहास, आईवडिलांची संमती एवढं बघून स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. 'मरावंसं वाटतं' यातला काही भाग तेवढ्यानेही हलका होऊ शकतो.

म्हणून रेफर जरूर करा, पण मोकळे होऊ नका. या विषयाची खास क्लिनिकं जिथे आहेत तिथेही महिनोन्‌महिने नंबर लागत नाही. तोवर झोप, शाळा, वजन, नैराश्य, घरातली भांडणं कोण बघणार? आणि 'मी मुलगी नाहीये' हे वाक्य तुमच्यासमोर उच्चारलं गेलं, याला काही अर्थ आहे.

आता कोर्स. माहितीपत्रकात काय छापलंय यावर जाऊ नका. आयोजकांना एक प्रश्न विचारा: पुराव्याबद्दल तुम्ही काय शिकवता? या क्षेत्रातले जाणकार एकमेकांशी का भांडतात, हे ज्या कोर्समध्ये सांगत नाहीत तो कोर्स अर्धवट आहे, मग तो कोणत्याही बाजूचा असो. भांडणाचा इतिहास थोडक्यात सांगतो, म्हणजे प्रश्न विचारताना हाताशी राहील.

वयात येण्याच्या सुरुवातीला जीएनआरएच ॲनालॉग ही औषधं देऊन यौवन थांबवायचं, साधारण सोळाव्या वर्षी ओळखीशी जुळणाऱ्या लिंगाचे हॉर्मोन्स सुरू करायचे, शस्त्रक्रिया अठरानंतर, हा क्रम ॲम्स्टरडॅमच्या क्लिनिकने घालून दिला. त्यांचा २०१४ सालचा पाठपुरावा बहुतेक कोर्समध्ये दाखवला जातो. त्यात ५५ तरुण होते आणि त्यांची मानसिक स्थिती सुधारलेली दिसली. पण त्यांची निवड कडक होती: जन्माच्या लिंगाबद्दल लहानपणापासूनची अस्वस्थता, वयात येताना ती वाढलेली, घरचा आधार, आणि उपचारात अडथळा येईल असा गंभीर मानसिक आजार नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे २०१०च्या दशकात अनेक देशांत येणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने वाढली आणि चित्रही पालटलं. जन्माने मुली असलेल्या किशोरवयीनांचं प्रमाण जास्त, अनेकांची अस्वस्थता वयात आल्यावर सुरू झालेली, सोबत नैराश्य, चिंता, ऑटिझम. एका गटावर उभं राहिलेलं ज्ञान दुसऱ्या गटाला लागू पडतं का, हा वादाचा गाभा आहे.

फिनलंडने २०२० मध्ये अल्पवयीनांसाठी मानसोपचाराला पहिलं स्थान दिलं. स्वीडनने २०२२ मध्ये औषधोपचार अपवादात्मक प्रसंगांपुरते आणले. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. त्यासाठी यॉर्क विद्यापीठाने केलेल्या आढाव्यांत यौवन थांबवणाऱ्या औषधांचा पुरावा कमकुवत ठरला आणि हॉर्मोन्सच्या पुराव्यातही मोठ्या त्रुटी निघाल्या. त्याआधी, २०२२ मध्ये डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निकषांची आठवी आवृत्ती निघाली होती. सखोल मूल्यमापनानंतर किशोरवयीनांना औषधोपचार देता येतात, अशी तिची भूमिका आहे. एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ची गाइडलाइन त्याच बाजूची. तीत यौवन थांबवण्याचा विचार टॅनर टप्पा दोनपासून (वयात येण्याची पहिली शारीरिक चिन्हं) पुढे आहे, आणि हॉर्मोन्स साधारण १६व्या वर्षी. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या संघटनांची २०२५ची गाइडलाइनही प्रत्येक मुलाचा वेगळा विचार करून औषधांची वाट खुली ठेवते. पुरावा बराचसा तोच, निष्कर्ष वेगवेगळे, कारण अनिश्चितता असताना काय करावं याबद्दल या लोकांचं एकमत नाही.

'पुराव्याची खात्री कमी' याचा अर्थ कोर्समध्ये कसा सांगतात ते कान देऊन ऐका. उपचार निरुपयोगी सिद्ध झाला, असा त्याचा अर्थ नाही. उपयोग होतोच म्हणून बिनधास्त द्या, असाही नाही. परिणामाचा जो अंदाज आज दिसतो तो पुढच्या चांगल्या अभ्यासाने बराच बदलू शकतो, एवढंच त्यातून कळतं. आणि हे माप दोन्हीकडे सारखं लावायला हवं. यॉर्कच्याच आढाव्यात मानसिक-सामाजिक उपचारांवरचे अभ्यासही थोडे आणि बहुतेक हलक्या दर्जाचे निघाले. 'औषधांना पुरावा नाही, म्हणून समुपदेशनच' असं जो व्याख्याता छातीठोक सांगतो, त्याला समुपदेशनाचा पुरावा विचारा. चेहरा बघण्यासारखा होतो.

तुमच्या पहिल्या माहितीपत्रकातलं 'जिवाशी खेळ' मला खटकलं. या मुलांमध्ये आत्महत्येचे विचार आणि स्वतःला इजा करणं समवयस्कांपेक्षा जास्त आढळतं, म्हणून तर वर एवढं बजावलं. पण त्यावरून 'औषध दिलं नाही तर मूल जाईल' असं पालकांच्या डोक्यावर टांगणं वेगळं. इंग्लंडमध्ये यौवन थांबवणारी औषधं देणं थांबवल्यावर आत्महत्या प्रचंड वाढल्याचा दावा झाला होता. तो आत्महत्या-प्रतिबंधाचे तज्ज्ञ प्रा. लुई ॲपलबी यांनी सरकारसाठी आकडे तपासून जुलै २०२४ मध्ये खोडून काढला, आणि असं जाहीरपणे बोलत राहणं मुलांसाठीच घातक आहे, असा इशारा दिला. दुसऱ्या पत्रकातलं 'ठाम राहा, उतरेल' हेही तितकंच पोकळ आहे. कुणावर ठाम राहायचं? समोर बसलेल्या मुलाच्या त्रासावर? ओळख बदलायचीच असं आधी ठरवून केलेले 'उपचार' बहुतेक मोठ्या व्यावसायिक संघटनांनी नाकारलेत आणि अनेक देशांत ते बेकायदा आहेत. मात्र मोकळेपणाने शोध घेणं हे त्यात मोडत नाही. शेवट आधी ठरवून बोलणं सुरू केलंय का, यावरून फरक ओळखा. हा निकष दोन्ही पत्रकांना लावून पाहा.

आता कोर्सच्या घाटाबद्दल. याकडे बहुतेक डॉक्टर बघतच नाहीत, आणि माझ्या मते विषयापेक्षा घाट महत्त्वाचा. परिषदा आणि शैक्षणिक बैठकांनी डॉक्टरांची प्रत्यक्ष वागणूक किती बदलते, यावर कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २००९चा आढावा आहे. फरक निघाला साधारण ६ टक्क्यांचा. नुसत्या व्याख्यानापेक्षा व्याख्यान आणि सहभाग यांची सांगड घातलेल्या बैठका सरस ठरल्या. आणखी एक आढावा २००६ सालचा, डॉक्टरांना स्वतःची कुवत किती अचूक मोजता येते यावर. उत्तर: फारशी नाही. सगळ्यात चुकीचा अंदाज सगळ्यात कमी कौशल्य असलेल्यांचा आणि सगळ्यात जास्त आत्मविश्वास असलेल्यांचा. म्हणजे चाळीस स्लाइड, शेवटी दहा प्रश्न, ऐंशी टक्के गुण आणि सर्टिफिकेट, असा कोर्स करून तुम्हाला 'आता जमेल' असं वाटेल, आणि त्या वाटण्यावर भरवसा ठेवता येणार नाही.

तेव्हा असा कोर्स शोधा ज्यात कुणीतरी तुम्हाला मुलाखत घेताना बघेल. प्रशिक्षित कलाकाराला रुग्ण म्हणून समोर बसवून शिकवण्याची पद्धत वैद्यकशिक्षणात १९६०च्या दशकापासून आहे, आणि या विषयाला ती फार चपखल बसते. मी अशी सत्रं घेतो. ज्येष्ठ डॉक्टरांची एक सवय हमखास दिसते: 'रुग्ण' म्हणतो, मला माझं शरीर नकोसं वाटतं, आणि डॉक्टर अर्ध्या मिनिटात माहिती द्यायला लागतात. कुणी हॉर्मोन्स समजावतं, कुणी 'या वयात असं वाटतं' म्हणून धीर देतं. 'नकोसं म्हणजे कसं?' हे विचारतच नाही. चित्रफीत परत दाखवली की मान खाली जाते, पण पुढच्या फेरीत तोच माणूस गप्प बसायला शिकतो. हे स्लाइडने होत नाही.

तुमच्या गावाजवळ असं काही नसेल तर केसचर्चेचा गट बघा. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हेपॅटायटिस सी साठी प्रोजेक्ट एको सुरू केला. लांबलांबचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी व्हिडिओवर जमतात, आपापली केस नाव न सांगता मांडतात, तज्ज्ञ आणि बाकीचे मिळून तिच्यावर बोलतात. हाच साचा पुढे ट्रान्सजेंडर आरोग्यासाठीही वापरला गेला. गटात एकाच मताचे लोक नसावेत, बालमानसोपचारतज्ज्ञ असावा, एंडोक्रायनॉलॉजिस्ट असावा, आणि स्वतः या वाटेने गेलेली माणसं शिकवायला असावीत. वाट चालू ठेवणारी आणि मधूनच परत फिरलेली, दोन्ही.

अभ्यासक्रमात निदानाच्या दोन्ही चौकटी हव्यात. डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचार निदानसूचीत जन्माचं लिंग आणि ओळख यांच्यात किमान सहा महिने टिकलेली विसंगती आणि सोबत लक्षणीय त्रास किंवा बिघडलेलं जगणं लागतं. आयसीडी-११, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ पासून लागू झालेलं वर्गीकरण, ही अवस्था मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित अवस्थांमध्ये ठेवतं आणि त्रासाची अट घालत नाही. केसपेपरवर काय लिहिता त्याने फरक पडतो. ऑटिझमची तपासणी कशी करायची हे शिकवायला हवं: २०२० मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात, जन्माच्या लिंगाशी ओळख न जुळणाऱ्यांमध्ये ऑटिझम तीन ते सहा पट जास्त आढळला. ऑटिझम आहे म्हणून मुलाचं म्हणणं खोटं ठरत नाही. मुलाखतीची पद्धत मात्र बदलते.

औषधं तुम्ही लिहिणार नसाल तरी ती शिका, कारण मूल ती वाचून येणार आहे. यौवन थांबवणाऱ्या औषधांवर असताना हाडांची घनता समवयस्कांच्या मागे पडते. टेस्टोस्टेरॉनने फुटलेला आवाज परत येत नाही, इस्ट्रोजेनने आलेले स्तन आपोआप जात नाहीत, आणि जननक्षमतेचं बोलणं हॉर्मोन्सच्या आधी व्हावं लागतं, जेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाला त्यात काडीचा रस नसतो. इंग्लंडच्या एका अभ्यासात यौवन थांबवलेल्या ४४ पैकी ४३ जणांनी पुढे हॉर्मोन्स घेतले. काही जण म्हणतात निवड अचूक होती, काही म्हणतात पहिली पायरीच दुसरीकडे नेते. कोर्सने दोन्ही अर्थ समोर ठेवावेत. आणि रोजच्या गोष्टी: छाती दाबून बांधतोस का, कशाने? बँडेज किंवा चिकटपट्टी असेल तर आधी ती बंद करायला लावा. किती तास? झोपताना आणि खेळताना काढतोस का? श्वास लागतो, बरगड्या दुखतात, त्वचा सोलते? खास त्यासाठीचं, मापाचं वस्त्र कमी तास घातलेलं बरं. हे विचारणारा डॉक्टर मुलाला पहिल्यांदाच भेटत असतो.

कायदा ज्या देशात प्रॅक्टिस करता तिथला शिका. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये टेनेसी राज्याची अल्पवयीनांवरच्या या उपचारांची बंदी कायम ठेवली, तर ब्रिटनने यौवन थांबवणारी औषधं यासाठी नव्याने सुरू करणं संशोधनाबाहेर बंद केलंय. एका देशातल्या कोर्समधली उपचारपद्धती दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकते.

कोर्सला काही महिने लागतील. भेट या आठवड्यात आहे. सुरुवातीलाच विचारा, तुला काय नावाने हाक मारू, आणि 'आलास' म्हणू की 'आलीस'? मूल 'मी आलो' म्हणतंय आणि तुम्ही 'कधी आलीस' विचारताय, तर पुढचं काही कानावर येणार नाही. घरच्यांसमोर कोणतं नाव वापरायचं तेही विचारून घ्या. याने तुम्ही निदान केलं असं होत नाही. मग एक दिवस सांगायला सांगा, उठल्यापासून झोपेपर्यंत: आंघोळ, आरसा, शाळेत कपडे बदलणं, कुठे सगळ्यात जड जातं, कुठे विसरायला होतं. माझा आवडता प्रश्न: तुला हवं तसं सगळं झालं, तर काय बदलेल, आणि काय तसंच राहील? आणि 'मला यातलं सगळं येत नाही, मी शिकतोय, पण तुला सोडणार नाही' हे म्हणायला लाजू नका.

राहिली आई. जुन्या अभ्यासांत वयात येण्याआधी अशी अस्वस्थता असलेल्या अनेक मुलांमध्ये ती पुढे टिकली नाही. पण त्या वेळचे निकष सैल होते, नुसती वेगळी वागणारी मुलंही त्यात मोजली गेली. किशोरवयात टिकून राहिलेली अस्वस्थता बहुधा पुढेही राहते असं मानलं जायचं. मात्र आज येणाऱ्या, वयात आल्यावर सुरुवात झालेल्या मुलांचा पुरेसा लांब पाठपुरावा अजून नाही. एखाद्या मुलाचं पुढे काय होईल हे सांगणारी तपासणी कुणाकडेच नाही. तिला तसंच सांगा: "जाईल की राहील हे आज मला सांगता येत नाही, आणि जो खात्रीने सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पोटदुखी, झोप आणि जिवाची भीती यावर मात्र आजपासून काम सुरू करू." 'हे जाईल ना' हे मुलासमोर विचारू नका, असं भेटीच्या आधीच फोनवर सांगून ठेवा, आणि तिच्यासाठी त्याच दिवशी वेगळी वीस मिनिटं राखून ठेवा. वडिलांचा पत्रात कुठेच उल्लेख नाही. त्यांनाही बोलवा.